सातवी ताल

दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखातला मंगळवार. रत्ना सकाळीच डोंगराच्या अंगाला ऐनाच्या फांद्या तोडत होती. भाताचं रोप टाकायच्या जागेवर फांद्या, पाला आणि शेण पसरून जाळायचं, त्यालाच राब भाजणं म्हणतात. आठवड्याभरात राब भाजून व्हायला हवा होता. ऐनाचं झाड सगळं बोडकं करायचं नाही, आणि एकदा तोडलेल्या झाडाला तीन वर्षं हात लावायचा नाही, हा तिच्या सासऱ्याचा नियम. म्हणून ती शेंड्याकडच्या चार फांद्या राखून खालच्या फांद्यांवर कुऱ्हाड घालत होती. तेवढ्यात खालून, पांदीच्या गाडीवाटेनं, यंत्राचा आवाज आला.

तिनं वाकून पाहिलं. पिवळा जेसीबी डुलत डुलत वर चढत होता. त्याच्या मागं पांढरी गाडी आणि दोन मोटारसायकली.

हे एक ना एक दिवस होणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती उतारानं धावत सुटली. कुऱ्हाड हातात होती, ती हातातच राहिली.

ही वाडी भोर तालुक्याच्या पार टोकाला आहे. पाठीमागची डोंगराची सोंड ओलांडली की वेल्ह्याची हद्द लागते. तिथं रत्नाच्या सासरची सहा एकर जमीन. जमीन म्हणायची, पण मुळात तो नुसता दगडांचा उतार होता. रत्नाचा सासरा ज्ञानू, त्याचा आजा गेनबा. या गेनबानं पहारीनं दगड उपटून पहिल्या दोन ताली घातल्या. ताल म्हणजे उताराला आडवा घातलेला दगडी बांध. तालीच्या पोटात पावसानं वाहून आलेली माती अडते, आणि चार-पाच वर्षांत तिथं भाताचं खाचर तयार होतं. गेनबाच्या पोरानं आणखी तीन ताली घातल्या. ज्ञानूनं सहावी घातली. सातवी, सगळ्यात वरची, त्यानं थोरला मुलगा धनाजी आणि सून रत्ना यांना हाताशी घेऊन तीन उन्हाळ्यांत पुरी केली. रत्ना तेव्हा एकवीस वर्षांची होती. मोठा दगड खाली, त्याचं जड अंग आत, चुना नाही, सिमेंट नाही, कारण पाण्याला वाट पाहिजे. हे सगळं ती सासऱ्याकडून शिकली. तिच्या माहेरी, कामथडीला, बाया दगडकामाला हात लावत नसत. इथं ज्ञानूनं तिचा हात बघितला आणि म्हणाला, "तुझा दगड बसतो. धन्याचा हलतो." त्यावर धनाजी हसला होता.

तालींच्या वर दीड एकर रान होतं. हिरडा, ऐन, जांभूळ. त्या रानाच्या पायथ्याला झरा. त्याचं अर्धं पाणी खाचरांना आणि अर्धं खालच्या वस्तीला, ही वाटणी गेनबाच्या वेळेपासून चालत आलेली. खालच्या वस्तीनं कधी मागितलं नाही आणि यांनी कधी बंद केलं नाही.

ज्ञानूचा धाकटा मुलगा बंडू मात्र या सगळ्यात कधी नव्हता. विसाव्या वर्षी तो घर सोडून हायवेला गेला. आधी टेम्पो चालवला, मग शिवऱ्याला रस्त्याकडेला हॉटेल टाकलं, आणि पुढं जमिनींचे व्यवहार जुळवून द्यायला लागला. त्याची बायको सोनिया हॉटेल सांभाळायची. सणाला दोघं वाडीवर यायची, जेवायची आणि उजेडात परत जायची.

त्या वैशाखाच्या आधीच्या पौषात तलाठ्याची नोटीस आली तेव्हा कळलं, की बंडूनं आपला अर्धा हिस्सा हनुमंत नावाच्या प्लॉटिंगवाल्याला विकला. जमीन दोघा भावांच्या नावानं एकत्रच होती, वाटप झालेलं नव्हतं. हनुमंताला हिस्सा हवा होता तो उभा: वरच्या रानापासून खालच्या पांदीपर्यंत, सातही ताली मधून चिरत. म्हणजे रस्ताही मिळतो आणि बंगल्यातून खोरंही दिसतं. धनाजी भोरला गेला आणि वकीलबाई नीरजा यांच्याकडून दावा लावून आला. पुढच्या महिन्यात तारीख होती. हनुमंताला तारखेच्या आधी ताबा दाखवायचा होता. जमीन तोडली, रस्ता पडला, की कोर्ट काय करणार, असा त्याचा हिशोब.

रत्ना वरच्या खाचराच्या कडेला पोचली तेव्हा जेसीबी तालीपाशी येऊन थांबला होता. ज्ञानू तालीवर बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, डोक्याला टापशी, दोन्ही हात गुडघ्यांवर. धनाजी पहार घेऊन यंत्राच्या समोर उभा होता. पहार त्यानं मारायला आणलेली नव्हती. सकाळपासून तो झऱ्याच्या पाटातले दगड सरळ करत होता.

हनुमंत गाडीतून उतरला. पन्नाशीचा, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला माणूस. आवाज चढवायची त्याला सवय नव्हती.

"धनाजीराव, बाजूला व्हा. डायवरला परत लवकर जायचंय."

"केस भोरला चालू हाय," धनाजी म्हणाला. "पुढल्या म्हयन्यात तारीख हाय. तवर कुणी हात लावायचा न्हाई."

"तारीख तुमची. कागद माझ्याकडं हाय. अर्धी जमीन माझी हाय."

"अर्धी कुठली, त्ये कुठं ठरलंय? वाटप झालंय का?"

"त्ये आज ठरतंय," हनुमंत म्हणाला आणि मागं बघून नुसती मान हलवली.

मोटारसायकलींवरून आलेले चौघे पुढं झाले. दोघांच्या हातात लाकडी दांडके होते. पहिला दांडका धनाजीच्या खांद्यावर बसला. तो एका पायावर झुकला, आणि झुकता झुकता त्यानं पहार आडवी फिरवली. ती एकाच्या गुडघ्यावर लागली. हाड मोडल्याचा आवाज रत्नाला वीस पावलांवरून ऐकू आला. तो माणूस गुडघा धरून खाचरात पडला आणि गुरासारखा ओरडायला लागला. मग उरलेले तिघे धनाजीवर पडले. त्यांनी पहार हिसकली. डोक्यात दांडका घातला. तो पडल्यावर त्याच्या पाठीत, बरगड्यांत लाथा घातल्या. धनाजीनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं, आणि त्याच्या बोटांच्या फटींतून रक्त येत होतं.

रत्ना किंचाळली नाही. ती धनाजीकडं धावली. पण तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये जेसीबी उभा होता, आणि हनुमंतानं हात केल्याबरोबर ड्रायव्हरनं मागचा दांडा उचलून बकेट तालीत घातली.

जी ताल घालायला तीन उन्हाळे लागले होते, ती पहिल्या घासातच चार हात फुटली. दगड गडगडत खालच्या खाचरात गेले, तिथून उड्या घेत त्याच्या खालच्यात. रत्नाच्या पायाखाली जमीन हादरली. एक मोठा दगड, दोन माणसांना उचलत नाही असा, पाचव्या खाचरापर्यंत गेला आणि तिथं तोंडावर पडला.

ज्ञानू जागचा हलला नाही. फुटलेला भाग त्याच्यापासून दोन हातांवर आला होता. ड्रायव्हरनं बकेट वर घेतली आणि थांबला. तो परमुलखातला होता. त्यानं खिडकीतून डोकं काढून म्हाताऱ्याला हातानं बाजूला हो, बाजूला हो असं केलं.

तेव्हा गाडीचं मागचं दार उघडलं आणि बंडू उतरला. तो आत बसून आहे हे तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यानं मार खाणाऱ्या भावाकडं एकदा पाहिलं, मग मान वळवली. तो सरळ तालीवर चढला आणि बापाचा दंड धरला.

"उठा आबा. चला खाली."

"हात सोड."

"मरायचंय का हितं? उठा म्हणतो."

ज्ञानूनं बसल्या जागेवरून उजवा हात मोकळा केला आणि बंडूच्या तोंडात मारली. म्हाताऱ्याचा हात अजून जड होता. बंडूचं डोकं एका अंगाला फिरलं. मग त्याचा आवाज फुटला.

"मारा. तुमास्नी त्येवढंच येतं. सव्वीस वर्सांपूर्वी बी ह्याच हातानं मारलं व्हतं. खालच्या तालीतनं चार दगड काढले व्हते म्या, खेकडं धरायला. सोळा वर्सांचा व्हतो. जांभळाला बांधलं, आसुडानं मारलं, हात मोडस्तवर मारलं." त्यानं शर्टाची बाही वर केली. कोपरापाशी वाकडा जुळलेला डावा हात बापाच्या तोंडापुढं धरला. "पोलिसात घेतलं न्हाई मला ह्या हातापायी. तीनदा गेलो भरतीला. तीनदा हाकललं. दगडाला जपलं तुमी, पोराला न्हाई."

रत्ना या घरात आली तेव्हा तो हात वाकडाच होता. झाडावरून पडला, असं तिला सांगितलं होतं. ती यंत्राच्या मागच्या चाकापाशी उभी होती आणि हे सगळं ऐकत होती.  ज्ञानूनं ते नाकारलं नाही.

"त्या पावसात सगळं खाचर गेलं व्हतं," इतकंच तो म्हणाला. "खायला न्हवतं वर्सभर."

बंडूनं त्याला दोन्ही हातांनी छातीवर ढकललं. जोरात, राग काढून ढकललं. म्हातारा तालीवरून मागं, कच्च्या मातीत पडला. त्याचा ओठ दगडावर फाटला. टापशी एकीकडं उडाली. तो कुशीवर वळून उठायचा प्रयत्न करायला लागला आणि त्याला उठता येईना.

रत्नाच्या डोळ्यांसमोर तेव्हा एका बाजूला नवरा होता, लाथांखाली, आता हालचालही न करणारा. दुसऱ्या बाजूला तोंडातून रक्त गळणारा म्हातारा. आणि मध्ये ते यंत्र, धडधडत, बकेट हवेत धरून. ती यंत्राच्या मागच्या टेकूवर पाय देऊन चढली. दांड्याच्या बुडाशी तेलाचे काळे पाइप होते, मनगटाएवढे. ड्रायव्हर ओरडला. तिनं पहिला घाव घातला. कुऱ्हाड पाइपवरून घसरली. दुसरा घाव बसला, आतली तार उघडी पडली. तिसऱ्या घावाच्या आधी तिनं वर पाहिलं. बकेटीच्या खाली बंडू उभा होता, बापाकडं बघत, तिच्याकडं पाठ करून. तो तिला स्पष्ट दिसला. त्याच्या शर्टावरची घामाची पट्टीसुद्धा दिसली.

तिनं तिसरा घाव घातला.

तेल उकळत्या पाण्यासारखं उसळलं. तिच्या उजव्या हातावर, मानेवर, कानावर आलं. ती खाली फेकली गेली. वरचा दांडा एकदम सैल पडला आणि बकेट जमिनीवर आली. ड्रायव्हरच्या ओरडण्यानं बंडूनं तालीवरून खाचरात उडी मारली होती, पण पुरती नाही. बकेटीचे दात त्याच्या डाव्या पायावर, गुडघ्याच्या खाली पडले.

त्याचं ओरडणं खालच्या वस्तीपर्यंत गेलं, असं नंतर लोकांनी सांगितलं.

पुढं जे झालं ते फार लवकर झालं. हनुमंतानं एकदा पाहिलं आणि गाडीत बसला. त्याच्या माणसांनी गुडघा मोडलेल्याला ओढत नेऊन मागच्या सीटवर टाकलं. गाडी आणि मोटारसायकली पांदीतून खाली गेल्या. बंडूला त्यांनी तिथंच सोडलं. ड्रायव्हर मात्र पळाला नाही. तो खाली उतरला होता, दोन्ही हात डोक्याला लावून, आणि पुन्हा पुन्हा सांगत होता की तेल नाही, आता बकेट वर उचलत नाही.

धनाजी रांगत आला. अर्धा चेहरा रक्तानं माखलेला, एक डोळा मिटलेला. त्यानं भावाचं डोकं मांडीवर घेतलं.

"खालनं उकरा," तो म्हणाला. "पायाखालची माती काढा. दुसरा इलाज न्हाई."

रत्ना गुडघ्यांवर बसली आणि उकरायला लागली. उजवा हात भाजून सोलला होता, तरी दोन्ही हातांनी. ड्रायव्हर पहारीनं माती सैल करत होता. म्हातारा ज्ञानू हातागुडघ्यांवर रांगत आला आणि तोही बोटांनी माती ओढायला लागला. तालीनं अडवलेली ती माती भुसभुशीत होती. इतर कुठल्या उतारावर मुरूम लागला असता आणि पहार ठणकन उडाली असती. इथं माती कोपरापर्यंत हाताला येत होती. पंधरा-वीस मिनिटांत पायाखाली खळगा झाला आणि पाय सुटला. जे सुटलं त्याला पाय म्हणावं अशी स्थिती नव्हती. धनाजीनं डोक्याचा फेटा सोडून मांडीला आवळून बांधला. बंडू तोवर ओरडायचा थांबला होता. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

खालच्या वस्तीतला सावळाराम आवाज ऐकून टेम्पो घेऊन आला. त्याच टेम्पोत दोघा भावांना आडवं टाकलं, रत्ना मधे बसली. भोरला पट्टी केली आणि पुण्याला पाठवलं. संध्याकाळपर्यंत बंडूचा पाय गुडघ्याखाली काढून टाकला.

सोनिया शिवऱ्याहून थेट दवाखान्यात आली. रत्ना जिन्यापाशी बाकावर बसली होती. हाताला पट्टी, साडी तेलानं काळी आणि रक्तानं ताठ. सोनियानं पायातली चप्पल काढली आणि तिला मारायला सुरुवात केली. तोंडावर, डोक्यावर, भाजलेल्या मानेवर. लोक जमले. कुणीतरी सोनियाचा हात धरायला गेलं, तर रत्नाच म्हणाली, "सोडा तिला."

"पाय घेतलास माझ्या माणसाचा," सोनिया धापा टाकत म्हणाली. "आता बस. जमीन खात बस."

रत्नानं हात वर केला नाही. मार थांबला तेव्हा सोनिया तिच्याच शेजारी बाकावर बसली.

दोन दिवसांनी पोलिसांनी बंडूचा जबाब घेतला. त्यानं सरळ सांगितलं: कुऱ्हाड वहिनीनं मारली. वकीलबाई नीरजा धनाजीला भेटायला आल्या होत्या; त्यांनी रत्नाला बाजूला घेतलं.

"ड्रायव्हर घाबरला होता. त्याच्याच हातून दांडा पडला, असंही होऊ शकतं ना? नीट आठवून सांगा."

"म्या मारली कुऱ्हाड," रत्ना म्हणाली. "तीन येळा."

"मग हे यंत्र तुमच्या नवऱ्याला मारणाऱ्यांचं होतं, सासऱ्यांच्या अंगावर येत होतं, हे तरी सांगाल?"

"त्ये खरंच हाय."

"बंडू खाली उभा आहे हे तुम्हाला दिसलं होतं का?"

 नीरजाबाईंनी रत्नाच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि त्या म्हणाल्या, "आत्ता मला उत्तर देऊ नका."

रत्नाला अटक झाली. ती एकोणीस दिवस येरवड्याला होती. तिथल्या दिवसांबद्दल ती पुढं कुणाशी बोलली नाही, फक्त एवढंच की हात भरून येताना खाज फार सुटायची आणि झोपेत ती खाजवून रक्त काढायची. धनाजीच्या फिर्यादीवरून हनुमंत आणि त्याच्या माणसांवरही गुन्हा दाखल झाला. आणि भोरच्या कोर्टानं वाटप होईपर्यंत जमिनीला हात लावायला मनाई केली. ती मनाई मिळाली याला कारण बंडूचं प्रतिज्ञापत्र होतं. नीरजाबाई स्वतः दवाखान्यात जाऊन त्याला भेटल्या होत्या. त्यानं लिहून दिलं: हिस्सा विकला हे खरं, पण ताबा मी कधी दिलेला नाही, देण्याजोगा माझ्याकडं नव्हताच.

"हनुमंतानं मला तिथं टाकून गाडी वळवली," तो त्यांना म्हणाला. "त्याच्यासाठी आता खोटं कशाला बोलू?"

रत्ना जामिनावर सुटून आली तेव्हा ज्येष्ठ अर्धा सरला होता. सातव्या तालीचं भगदाड तसंच होतं. धनाजीच्या तीन बरगड्या मोडलेल्या, त्याला वाकता येत नव्हतं. खालची वस्ती इर्जिकीला आली. म्हणजे प्रत्येक घरचं एक माणूस, मजुरी नाही, फक्त जेवण. चौदा माणसं आली. पाचव्या खाचरातला तो मोठा दगड त्यांनी दोरखंड लावून दोन दिवसांत वर चढवला. पण दगड बसवायचं काम त्यांना येत नव्हतं. रत्नाचा हात मुठीत वळत नव्हता. ती तालीच्या पायाशी बसली आणि सांगत गेली, हा फिरवा, ह्याचं पोट आत घ्या, खाली दगडाची बारकी चीप मारा. ज्ञानू तिच्या शेजारी बसायचा. एकदा सगळे जेवायला गेले असताना तो म्हणाला,

"त्यानं मला ढकललं म्हणून मी बकेटीखालनं निघालो."

"व्हय आबा."

"आणि तो आत ऱ्हायला."

"व्हय."

"म्या त्याला लई मारलं व्हतं, पोरी. हात मोडला तरी थांबलो न्हाई. माती गेली म्हणून पोटच्या पोराला मारलं." त्यानं जवळची एक चीप उचलली, खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं न्हाई, कारण म्याच सांगू दिलं न्हाई."

त्या दिवाळीत तो शिवऱ्याला गेला. एसटीनं, एकटा. बंडूच्या हॉटेलात दिवसभर बसून होता. काय बोलला, की काहीच बोलला नाही, हे कुणाला कळलं नाही. परत आला आणि तापानं पडला. माघात वारला. बंडू कुबड्या घेऊन आला, बापाला खांदा देता येईना म्हणून तिरडीच्या मागं चालत गेला. स्मशानाची वाट चढाची होती. दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा धनाजीनं त्याला उचललं आणि शेवटपर्यंत धरून नेलं.

रत्नावरचा खटला पुढच्या मार्गशीर्षात उभा राहिला. बंडू साक्षीला आला, आता खोटा पाय लावून. सरकारी वकिलानं त्याला पायऱ्या पायऱ्यांनी विचारलं. कुऱ्हाड कुणी मारली? वहिनीनं. किती घाव? माझी तिकडं पाठ होती, पण ड्रायव्हर तीन म्हणतो. तुम्ही बकेटीखाली आहात हे आरोपीला दिसत होतं का?

कोर्टात पंखा फिरत होता. रत्ना मागच्या बाजूला उभी होती, हात जोडून. तिनं मनाशी ठरवलं होतं की आपल्याला विचारलं तर खरं सांगायचं.

"न्हाई," बंडू म्हणाला. "ती मागच्या अंगाला व्हती. मधे यंत्र व्हतं. तिला मी दिसलो न्हाई."

जेवणाच्या सुटीत दोघंही बाहेर आले. धनाजी आणि सोनिया चहा आणायला गेले होते. बंडू पायरीवर बसून खोट्या पायाचा पट्टा सैल करत होता. सकाळपासून तो पट्टा घासत होता. रत्ना त्याच्यापासून थोडी दूर उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी मला दिसत व्हता."

त्यानं वर पाहिलं नाही. पट्टा काढला, पाय बाजूला ठेवला, मांडी चोळली.

"ठावं हाय मला."

"मग असं का सांगितलंत?"

"म्या बी आबाला बघत व्हतो, वैनी. ढकलताना. मागं दगड हाय हे मला दिसत व्हतं." त्यानं पट्टा परत ओढून घेतला. "त्याचं मला कुणी इचारलं न्हाई. मग तुमचं तरी कशाला?"

"मला झोप न्हाई येत."

"मला तरी कुठं येते," बंडू म्हणाला. "जो पाय न्हाई, तोच दुखतो."

मग धनाजी चहा घेऊन आला आणि त्यांचं बोलणं तिथंच राहिलं.

न्यायाधीशांनी तिला दोषी धरलं, पण जिवावर बेतलेल्या प्रसंगात घडलं म्हणून तुरुंगात न धाडता दोन वर्षांच्या चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. सरकारी वकिलानं जे बंडूला विचारलं, ते तिला कुणी विचारलं नाही, आणि नीरजाबाईंनीही विचारू दिलं नाही. वाटपाचा दावा अजून चालू आहे. हनुमंताचा कागद अजून कोर्टात आहे. त्यानं कामथडीजवळ दुसरी जमीन घेतली आणि इकडची तारीख पुढं पुढं ढकलत राहिला. निकाल काय लागेल हे नीरजाबाईसुद्धा सांगत नाहीत.

बंडू रानात येत नाही. धनाजीनं दोनदा बोलावलं, तो नको म्हणाला. त्याच्या हिश्श्याचं भात मात्र धनाजी वेगळं काढून ठेवतो. पहिल्या वर्षी सोनिया टेम्पो घेऊन आली, पोती चढवली आणि पाणीही न पिता गेली. यंदा ती कापणीच्या आदल्या दिवशीच आली, पिशवीत दोन साड्या घेऊन. सकाळी रत्ना खाचरात उतरली तर मागून सोनियाही आली आणि शेजारची ओळ धरली. तिनं लग्नाच्या आधीपासून विळा हातात घेतला नव्हता. पेंढ्या वेड्यावाकड्या पडत होत्या.

रत्ना अर्धी ओळ कापून थांबली. तिचा उजवा हात अजून पुरता मिटत नाही; तासाभरात बोटं आखडतात.

"बुडापासनं धर," ती म्हणाली. "वरनं धरलंस तर हात कापशील."

सोनियानं मूठ खाली सरकवली आणि कापायला लागली.